त्या माणसाचं कूळ

“माझ्या हातात पाना आहे तोवर या खोऱ्यात एकही माणूस तहानेनं मरणार नाही!” थर्मन एटसिट्टी गावसभेत उभा राहून गरजला. हातात प्रत्यक्षात मटणाच्या रश्शाची पळी होती. सभेनंतरच्या जेवणात वाढप त्याच्याकडे होतं, आणि मागे रांग खोळंबली होती.

“ती पळी आधी माझ्या वाडग्यात रिकामी कर, मग गरज,” त्याची बायको ओपल म्हणाली.

तरी थर्मनचा शब्द खरा ठरला, हे सांगितलंच पाहिजे. खोऱ्यात तहानेनं कोणीही मेलं नाही. जे गेले ते छातीत कळ येऊन गेले.

थर्मन हा अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या मुलखातल्या या कोपऱ्याचा पवनचक्कीवाला. घर ओपलचं, मेंढ्या ओपलच्या, मुली ओपलच्या कुळाच्या. नवऱ्याचं म्हणून जगात जे काही होतं ते म्हणजे टेकडीखालची पवनचक्की, आणि तीही सरकारची. पण तिच्या पंपाचं चामडी वायसर बदलायला, सळया ओढून काढायला दुसरं कोण चढणार? सरकार काही चढत नव्हतं.

टेकडीवर युरेनियमची जुनी खाण होती. खाणवाले माल घेऊन गेले आणि ढिगारे आठवण म्हणून ठेवून गेले. पाऊस झाला की ढिगाऱ्यांतलं पाणी खाली झिरपायचं, आणि थर्मन ते मोठ्या निगुतीनं वर काढून द्यायचा. टाकीवर ‘फक्त जनावरांसाठी’ अशी इंग्रजी पाटी होती. ती मेंढ्यांना वाचता येत नव्हती, ओपललाही येत नव्हती. मेंढ्या धडधाकट होत्या. याहून मोठा पुरावा कोणाला हवा होता? शिवाय नळाचं पाणी आणायचं तर गाडीला ड्रम बांधून कच्च्या रस्त्यानं अर्धा दिवस जायचा, आणि त्या पाण्याची कॉफी ओपलनं बोकडालासुद्धा पाजली नसती.

गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातली नर्स डार्लीन गावसभेत पाण्याबद्दल सांगायला आली. पोरगी इथलीच, आजीच्या हाताखाली वाढलेली. वाईट गोष्ट कुणाच्या तोंडावर बोलली की ती त्याला येऊन चिकटते, हे तिच्या अंगात मुरलेलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना ‘तुमचं हृदय जाईल’ असं ती म्हणणार कशी? तिनं रीतीप्रमाणे दुसऱ्याच कुणावर घालून सांगितलं.

“एक माणूस असतो,” डार्लीन म्हणाली. “तो जुन्या खाणीजवळच्या विहिरीचं पाणी पितो. त्या पाण्यात युरेनियम असतं, आर्सेनिक असतं. हळूहळू त्याच्या रक्तवाहिन्या खराब होतात. मग हृदय दमतं.”

सभेत हळहळ पसरली.

“अगं, पण त्याचं कूळ कोणतं?” ओपलनं विचारलं.

“कूळ… ते माहीत नाही, आजी.”

“मग बरोबर आहे. कुळाचं कुणी नाही, तर चांगलं पाणी कोण आणून देणार बिचाऱ्याला?” ओपल थर्मनकडे वळली. “त्याला इकडे पाठव म्हणावं. आपल्या चक्कीचं पाणी पिऊन महिन्याभरात उभा राहील.”

थर्मनलाही त्या माणसाचं फार वाईट वाटलं. घरी जाताना त्यानं पंपाला नवीन वायसर घातलं.

वसंतात मेंढ्यांची लोकर कातरताना ओपल कातर हातात घेऊनच खाली बसली, ती उठली नाही. थर्मननं तिला गाडीत घातलं आणि दूरच्या शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथला डॉक्टर गोरा, तरुण, घाईतला. तो इंग्रजीत भराभरा बोलला आणि भाषांतरासाठी बोलावलेल्या डार्लीनकडे बघत राहिला.

डार्लीननं खुर्ची थर्मनजवळ ओढली.

“एक बाई असते, आजोबा,” ती म्हणाली. “तिचं हृदय फार मोठं झालेलं असतं. मोठं आणि ढिलं. कापून नीट करण्यासारखं राहिलेलं नसतं. डॉक्टर म्हणतात, तिला घरी नेलेलं बरं.”

थर्मननं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला गावसभा आठवली, आणि तो माणूस.

“पोरी,” त्यानं विचारलं, “त्या बाईचं कूळ कोणतं?”

डार्लीननं पलंगाकडे नुसती हनुवटी केली.

“कडूपाणी कूळ,” पलंगावरून ओपलच म्हणाली. “मी काही बहिरी नाही.”

घरी आल्यावर थर्मन पवनचक्कीवर चढला. चक्की फिरू नये म्हणून तिची शेपटी तारेनं आवळून बांधली, पंपाची वरची सळई सोडवली आणि ती खांद्यावर टाकून उतरला. खाली शेजारचा हार्लन उभा होता. चक्कीचं सगळं काम तो थर्मनकडूनच शिकला होता.

“मामा, डोकं फिरलं का? मेंढ्यांनी काय प्यायचं? माझ्या आईनं काय प्यायचं?”

“हार्लन, एक माणूस असतो…” थर्मननं सुरुवात केली.

“हो, माहितीय तो माणूस! पण माझ्या गाडीचा गिअर गेलाय. ड्रम काय पाठीवर आणू?”

थर्मन सळई घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी आणायला निघाला, आणि ड्रम भरून परतला तेव्हा टेकडीखाली चक्की फिरत होती. सळई नवी होती. त्यानं थांबून कान दिला. कुठे कुरकुर नाही, झोल नाही. हार्लननं काम चोख केलं होतं. तार पुन्हा बांधायला थर्मन वर चढला नाही.

घरात त्यानं ड्रमच्या पाण्याची कॉफी केली आणि कप ओपलच्या हातात दिला. खालून आपलाही हात लावून धरला. तिनं एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला.

“चक्की चालू झालीय ना रे?”

“झालीय.”

“मला ऐकू आली.” तिनं खिडकीकडे हनुवटी केली. “म्हाताऱ्या, जा, कपभर आपलं पाणी आण. आणि साखर घालू नकोस. हृदयाला वाईट असते म्हणे.”