क्लेमचा बासष्ट नंबर

गुनारा गावात कुणी जुगार खेळत नाही, असं नोलीन टकवेल छातीठोकपणे सांगायची. सांगताना ती बहुतेक वेळा हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या बोल्स क्लबच्या बारला टेकून उभी असे आणि शेजारच्या खोलीतली नाणी गिळणारी यंत्रं तिच्या प्रत्येक वाक्याला किणकिणून दाद देत. पण ती यंत्रं म्हणजे काही जुगार नव्हे. ती क्लबची यंत्रं. हिरवळीचं पाणी, छपराचे पत्रे आणि नाताळात म्हाताऱ्यांना मिळणारं जेवण, सगळं त्यांच्याच जिवावर. नोव्हेंबरातल्या मोठ्या शर्यतीला पाद्रीबुवांपासून शाळेच्या मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे पैसे लावून घोड्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या उचलत, ती परंपरा. आणि शुक्रवारची मांसाच्या ताटाची सोडत? ती तर निव्वळ समाजसेवा, कारण ती स्वतः नोलीन काढायची.

ही सोडत समजल्याशिवाय गुनारा समजायचं नाही. खाटीक दर शुक्रवारी बर्फावर मांडलेलं एक ताट पाठवी. मेंढीची एक तंगडी, चॉप, सॉसेजची लांब माळ आणि कडेने प्लास्टिकची कोथिंबीर. ताट जिंकणाऱ्याचं, कोथिंबीर मात्र सोमवारी खाटकाला परत. बारवर एक लाकडी पिंप, त्यात नंबर घातलेल्या शंभर गोट्या. पिंप आणि गोट्या दोन्ही नोलीनच्या नवऱ्याने, क्लेम सुताराने, स्वतः केलेल्या. ज्याचा त्याचा नंबर ठरलेला. मेंढ्यांचा मोठा मालक फेनविक याचा आठ, नोलीनची मैत्रीण मर्ल हिचा एकतीस, पलीकडच्या गल्लीतल्या डॉटचा सतरा. बाप मेला की नंबर मुलाकडे जाई, चर्चमधल्या बाकासारखा. क्लेमचा होता बासष्ट. संसारभर त्याने दर शुक्रवारी बासष्ट घेतला आणि त्याला एकदासुद्धा साधं सॉसेज लागलं नाही. "घरचीच बाई पिंप फिरवते आणि मी घरी जाऊन अंडी खातो," असं तो हसून म्हणायचा. तो जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून बासष्ट कुणी घेतला नव्हता. तसा नियम नव्हता. फक्त कुणी घेत नसे.

अशा गावात विमानतळावर कसिनो काढायचा प्रस्ताव आला.

विमानतळ महायुद्धातला. धावपट्टी एवढी लांब की अख्खं गाव तिच्यावर आडवं झोपेल. त्यावर दिवसाकाठी एक विमान उतरे. त्याआधी बिली नावाचा तरुण गाडी घेऊन कांगारू हाकलून येई. कंपनीचं म्हणणं साधं होतं. परदेशातले बडे जुगारी विमानाने थेट तिथे उतरतील, खेळतील, हरतील आणि उडून जातील. गावाला त्यांचं तोंडही दिसायचं नाही. दिसेल तो पोहण्याच्या तलावावरचा मांडव, कायमचा डॉक्टर आणि पोरांना नोकऱ्या. महापौर ग्लेनिस या कल्पनेवर इतकी खूश होती की तिने तलावाच्या मांडवाचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

नोलीनने विरोधी समिती काढली. समितीला फलक लावायचे होते, फलकांना पैसे लागत होते, म्हणून समितीने काय करावं? मांसाच्या ताटाची एक खास सोडत. टेबलावर 'गुनारात जुगार नको' असा फलक आणि त्याच्या पुढ्यात तिकिटं. यात काही विचित्र आहे असं कुणाच्याही मनात आलं नाही. मर्लने तर घोषणाही तयार केली होती: 'नोलीनच्या हातावर विश्वास, नोलीनच्या हाताला साथ.' गावात पोलीस ठाण्यापेक्षा त्या हाताची पत जास्त होती. तीस वर्षांत त्याने कधी डावं-उजवं केलं नव्हतं. सगळी मोहीम त्या एका हातावर उभी होती आणि नोलीनला त्याचा अभिमान होता. बाकी तिच्यापाशी होतं तरी काय?

त्या शुक्रवारी कंपनीचा माणूस क्लबात आला. ड्रमंड त्याचं नाव. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. आल्याआल्या त्याने बारमधल्या सगळ्यांना बिअर पाजली आणि विरोधी समितीनेही तत्त्व न सोडता ती प्यायली. मग तो नोलीनपाशी आला.

"मिसेस टकवेल, मलाही एक तिकीट द्या."

"कशाला? हे आमच्या समितीसाठी आहे. तुमच्याविरुद्ध."

"असू दे की. काम चांगलं आहे," तो म्हणाला. "कुठला नंबर उरलाय?"

उरलेला एकच होता. नोलीनने तो फाडून दिला तेव्हा मर्लने पेला खाली ठेवला आणि फेनविक छताकडे बघायला लागला. ड्रमंडला बिचाऱ्याला काय माहीत? त्याने बासष्ट नंबर खिशात घातला.

नोलीनने पिंप फिरवलं, डोळे मिटून हात घातला, गोटी काढली. क्लेमच्या हातचा लाल रंग, सहाची शेपटी जराशी वाकडी. बासष्ट.

क्लेमला जन्मात न लागलेला नंबर आज लागला होता, तोही या इस्त्रीच्या शर्टाला. नोलीनने बासष्ट म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते "सतरा!"

"सतरा? अगं बाई, माझा की!" डॉट किंचाळली. तिच्या नवऱ्याने गेल्या महिन्यात माकडहाड मोडून घेतलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नोलीनने गोटी ॲप्रनच्या खिशात टाकली, आणि ज्या खिशाला भोक आहे हे तिला वर्षभर ठाऊक होतं त्याच खिशात टाकली. गोटी टपकन पडली आणि घरंगळत थेट ड्रमंडच्या बुटापाशी जाऊन थांबली.

त्याने ती उचलली, पाहिली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"हे तुमचं पडलं, मिसेस टकवेल," तो म्हणाला. मग डॉटकडे वळून तिचं मनापासून अभिनंदन केलं. ताट तिच्या गाडीपर्यंतही त्यानेच नेऊन दिलं.

त्याने आरडाओरडा केला असता तर नोलीनला बरं वाटलं असतं. आरडाओरड्याला उत्तर देता येतं.

रविवारी दुपारी स्मारक सभागृहात गावसभा होती. हात वर करून कौल घ्यायचा आणि तो नगरपालिकेने मानायचा असं ठरलं होतं. त्याआधी डॉट नोलीनच्या दारात येऊन उभी राहिली. "चल, जेवायला ये. एवढी मोठी तंगडी आम्ही दोघं कशी संपवणार? तुझ्या हाताची आहे, तुलाच पहिला तुकडा."

नोलीनने तो खाल्ला. पुदिन्याची चटणी होती, भाजलेले बटाटे होते. डॉटचा नवरा खुर्चीतून म्हणाला, "नोलीन, तुझ्यासारखी चार माणसं असती ना, तर या देशाला पोलीस लागले नसते." तिने दुसरा तुकडाही खाल्ला, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं आणि उघडल्यावर त्यातून काय बाहेर पडेल याची तिला खात्री राहिली नव्हती.

सभागृह खचाखच भरलं होतं. भिंतींवर सगळीकडे फलक: नोलीनच्या हाताचं चित्र, पंज्यासकट. ग्लेनिस तलावाच्या मांडवावर बोलली. मग ड्रमंड उठला. आता हा सांगणार, नोलीनला वाटलं. तिने पर्स घट्ट धरली; गोटी पर्समध्येच होती.

"मी फार बोलणार नाही," ड्रमंड म्हणाला. "शुक्रवारी मी तुमच्या क्लबात होतो. इथली माणसं एकमेकांवर किती विश्वास ठेवतात ते डोळ्यांनी पाहिलं. असा विश्वास आमची कंपनी देऊ शकणार नाही. आम्ही फक्त डॉक्टर देऊ शकतो." आणि तो बसला.

लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. मर्लने नोलीनला कोपराने ढोसलं. "ऊठ गं. जिंकलोच म्हणून समज."

नोलीन उठली. चार पानांचं भाषण हातात होतं. ते तिने खुर्चीवर ठेवलं.

"शुक्रवारी सतरा आला नव्हता," ती म्हणाली. "बासष्ट आला होता. या ड्रमंडचा. मी खोटा नंबर वाचला. डॉट, तू खाल्लंस ते ताट याचं होतं. मीही खाल्लं. मी फसवलं सगळ्यांना. मला लाज वाटते." एवढं बोलून तिने पर्समधून गोटी काढली आणि टेबलावर ठेवली. आता काय होईल ते होवो.

मग मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू पुढच्या रांगांपर्यंत मांजरासारखं आलं.

"अगं वेडे," डॉट म्हणाली, "मला काय कळलं नव्हतं होय? माकडहाड मोडल्यावर तिसऱ्या आठवड्यात ताट? म्हटलं, नोलीनची कृपा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, बाई! तू नेहमीच करतेस की," मर्ल म्हणाली. "माझा नवरा रॉन गेला त्या आठवड्यात मला अख्खं ताट लागलं. मी काय दुधखुळी आहे?"

"मर्ल, ते खरं होतं! एकतीसच निघाला होता!"

"हो हो, खरंच होतं," मर्लने तिच्या पाठीवर थोपटलं. "आणि जुळी झाली तेव्हा केर्विनच्या पोरीला सॉसेज, आणि पुरात ज्यांच्या मेंढ्या गेल्या त्यांना चॉप. गाव आंधळं नाही, राणी. म्हणून तर आम्ही तिकिटं घेतो."

"ते सगळं खरं होतं!" नोलीनचा आवाज चिरकला. "मी आयुष्यात एकदाच लबाडी केली, परवा! तीही दया म्हणून नाही, रागाने केली! मी लबाड असते तर माझ्या क्लेमला नसतं का दिलं एखादं ताट? त्याला जन्मात एकदा तरी लागलं का?"

फेनविक उभा राहिला. मोठा माणूस, हळू बोलायचा. "नोलीन," तो म्हणाला, "त्यावरूनच तर आम्हाला कळलं. सरळ सोडत असती तर क्लेमला एवढ्या वर्षांत एकदा तरी लागलंच असतं. तू मुद्दाम त्याचा नंबर चुकवायचीस, कुणी बोट दाखवू नये म्हणून. तोही हे जाणून होता."

"क्लेम?"

"बारवर म्हणायचा ना. आमची बाई फार सांभाळून असते."

नोलीन खुर्चीवर ठेवलेल्या भाषणावरच बसली. घरी जाऊन अंडी खाणारा तिचा नवरा, बायको आपला नंबर मुद्दाम चुकवते हे मनात घेऊन अंडी खात होता. दर शुक्रवारी. हसून.

ड्रमंडने घसा खाकरला. "आमच्या यंत्रांची तपासणी सरकार करतं," तो अगदी नम्रपणे म्हणाला. हे त्याचं एकच वाक्य सभेला झोंबलं.

"सरकारचं कौतुक आम्हाला सांगतोस होय रे!" मागून आवाज आला. "परक्याकडून नियमाने लुटून घेण्यापेक्षा आपल्या माणसाची लबाडी परवडली!"

हात वर झाले. ग्लेनिसने मोजले, पुन्हा मोजले, आणि कसिनो पडला. लोकांनी नोलीनला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. तिच्या डोक्यावर भिंतीवरचा तो भला मोठा पंजा आशीर्वाद देत होता.

पुढच्या शुक्रवारी तिने मर्लला म्हटलं, "आज तू काढ."

"छे! तुझ्या हाताची गोष्टच वेगळी," मर्ल म्हणाली आणि डोळा मारला.

क्लब भरून वाहत होता. कोपऱ्यात बिली बसला होता, कांगारू हाकलणारा. कसिनोत पहारेकऱ्याची नोकरी लागणार म्हणून त्याने पाळणा उधारीवर आणला होता. मूल आलं होतं, नोकरी गेली होती. त्याचा नंबर चाळीस. क्लबातली प्रत्येक नजर आधी बिलीकडे जाई, मग नोलीनकडे. इतक्या प्रेमाने की तिला पळून जावंसं वाटलं.

तिने बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. पिंप फिरवलं. गोटी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी दोन बोटांत उंच धरली.

"आठ!"

आठ कुणाचा हे कुत्र्यालाही माहीत होतं. फेनविकने मान खाली घालून बुटाची नाडी तपासली.

"फेनविक, आठ."

"या आठवड्यात घेतला नाही गं मी," फेनविक म्हणाला. तिनेच त्याला तिकीट दिलं होतं. ते त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होतं. त्याने ते बोटाने आत ढकललं. "दुसरी काढ."

तिने दुसरी काढली. "एकतीस!"

मर्लने बिअरचा मोठा घोट घेतला आणि तो गिळायचं नावच घेईना.

"मर्ल, तुझं तिकीट दाखव."

"हरवलं," मर्ल म्हणाली. मग पुढे वाकून हळूच, "अगं कशाला दमतेस? चाळीस म्हण आणि मोकळी हो. बर्फ वितळतोय."

बर्फ खरंच वितळत होता. प्लास्टिकची कोथिंबीर एका बाजूने तरंगायला लागली होती. बिलीचे कान लाल झाले होते. तो उठून उभा राहिला. "मला नको," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "खरंच नको, नोलीनमावशी."

"गप बस रे. तुला कुणी विचारलं?" फेनविक म्हणाला.

नोलीनने तिसऱ्यांदा हात घातला. आत क्लेमच्या गोट्या एकमेकींवर घरंगळत होत्या, गुळगुळीत, सगळ्या एकसारख्या. तिने एक उचलली, पाहिली.

"चोवीस," ती म्हणाली.

शेजारच्या खोलीत कुणाचं तरी यंत्र लागलं. घंटा घणघणल्या, नाणी खळाखळा पडली, आणि कुणीतरी मोठ्याने, मोकळेपणी हसलं. त्या आवाजाबद्दल मात्र कुणाला शंका आली नाही.

"चोवीस," नोलीन पुन्हा म्हणाली, आणि चोवीस नंबरवाल्याने आपली टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.