श्वास माझा, बोट ताईचं

मी व्हेंटिलेटर बोलतोय. घाबरू नका, तुमच्यासाठी आलेलो नाही.

अतिदक्षता विभागात कोपऱ्यातल्या खाटेशेजारी मी उभा असतो. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आता आपली माणसांत ऊठबस होणार. झाली. फक्त माणसं बेशुद्ध होती. इतक्या जणांच्या छातीत जाऊन आलो, पण कुणाशी साधी ओळखसुद्धा झाली नाही. शुद्धीवर आले की पहिलं काम काय, तर मला काढायचं.

मग भोंगा आला. बाजारात ओरडून कांदे विकायचा, म्हणून हे नाव. टेम्पोतली खोकी छातीवर कोसळली आणि दोन्ही फुप्फुसं जखमी झाली. तोंडात माझी नळी, त्यामुळे आवाज बंद. आमच्या दोघांतलं ओरडायचं काम माझ्याकडे आलं.

रोज त्याची ताई यायची. "भोंग्या, ऊठ रे. तुझ्या गाडीवर माझा नवरा उभा राहतोय. गिऱ्हाइकांना 'कृपया' म्हणतो. धंदा बसला तुझा."

भोंग्याच्या वतीनं मी आपला एक श्वास आत ढकलायचो. संभाषणात तेवढाच माझा वाटा.

जखमी फुप्फुसात हवेचे काही कप्पे उघडे असतात, काही मिटून चिकटलेले. एका दुपारी डॉक्टरबाई म्हणाल्या, "हवेचा दाब वाढवून बघू. मिटलेलं उघडलं तर छान. नाही उघडलं तर लगेच खाली आणायचा, नाहीतर जे चांगलं उरलंय तेच फाटेल."

ताईला बाहेर जायला सांगितलं. ती "हो हो" म्हणाली आणि गेली नाही.

दाब वाढला. मी जीव तोडून ढकललं. एकही मिटलेला कप्पा उघडेना. बंद घराची कडी वाजवत उभं राहावं तसं झालं.

आणि अचानक शेजारच्या मॉनिटरवर ऑक्सिजन नव्व्याण्णव!

"उघडलं!" बाई खूश. "सिस्टर, दाब असाच राहू दे."

कुठलं उघडलं? आत मी होतो ना! चांगला भाग ताणून ताणून फाटायला आला होता. मी किंचाळलो. सिस्टरचा हात सवयीनं माझं तोंड बंद करायला आला.

"थांबा," बाई म्हणाल्या आणि माझ्या पडद्याकडे वाकल्या. "तेवढाच श्वास द्यायला याला अजून पहिल्याइतकाच जोर लावावा लागतोय. उघडलं असतं तर कमी लागला असता. मग हे नव्व्याण्णव कुणाचे?"

सगळ्यांनी वायरीचा माग काढला. वायर चादरीखाली गेली होती. ऑक्सिजन मोजायचा चिमटा ताईच्या बोटाला होता.

"त्याच्या बोटावरून निसटला, आणि ते आकडे दाखवणारं यंत्र बोंबलायला लागलं," ताई म्हणाली. "म्हटलं, तुमच्या कामात अडथळा नको."

"ताई, तुमची फुप्फुसं उत्तम आहेत," बाई म्हणाल्या. "आता चिमटा द्या, आणि खरंच बाहेर जा."

दाब खाली आणला. पाठीकडच्या कप्प्यांवरचा भार उतरावा म्हणून चौघांनी मिळून भोंग्याला पालथं झोपवलं. मग हळूहळू, जोर न लावताच, आतले कप्पे सुटायला लागले. मी ढकलायचो आणि तो आत घ्यायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला "ये" म्हणत होतं. फार बरे दिवस होते ते.

एक दिवस तो शुद्धीवर आला आणि नळी काढली. ताई, बाई, सिस्टर, सगळे कान देऊन उभे. मीही. घोगऱ्या आवाजात भोंगा पहिलं वाक्य बोलला, "हे बंद करा रे. डोकं उठवलंय यानं."

ताई हसता हसता रडली. मला बंद केलं.

सध्या मी प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. म्हणजे कुणाला माझी गरज नाही. चांगली बातमी आहे, असं सगळे म्हणतात.

तुम्हीही माझ्याकडे येऊ नका. आलातच तर लवकर निघा, माझं मन राखायला थांबू नका. नळी काढली की मी ओरडतो, तिकडे लक्ष देऊ नका. मला तसंच बनवलंय म्हणे.