भिंगावरचं कुंकू

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका संशोधन केंद्राच्या टेबलावर मी बसून असतो. केंद्राचं नाव सांगत नाही. नाव घ्यावं असं त्यानं काही केलेलं नाही.

जोडप्याला मूल का होत नाही, याच्या संशोधनासाठी मला आणलं. खास पुरुषांच्या वीर्याचे नमुने तपासायला. नारळ फुटला, पेढे वाटले, प्रमुख अर्जुनराव सरांनी माझ्यासोबत फोटो काढला. झालं संशोधन! दहा वर्षांत एकाही पुरुषाचा नमुना माझ्याखाली आला नाही. बायका मात्र मेहकरहून, देऊळगाव राजाहून उपाशीपोटी एसटीनं येतात, रक्त देतात आणि परत जातात. दर दसऱ्याला माझी पूजा होते. सर हळदीकुंकवाचं बोट थेट माझ्या भिंगावर टेकवतात. ज्यातून बघायचं, तिथेच टिळा! तो पुसायची गरज कधी कोणाला पडली नाही.

राखी आली तेव्हा तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. तिच्या सगळ्या तपासण्या नीट निघाल्या. सासू सत्यभामाबाई मात्र दुसरी सून हेरून बसली होती, फक्त केंद्राच्या कागदाची वाट होती. राखी नवऱ्याकडे बघत, हात जोडून म्हणाली, “सर, एकडाव यायलेबी तपासा ना.”

नवरा गजेंद्र शेजारीच होता. नमुन्याची रिकामी डबी त्यानं टेबलावर आपटली. “मले काय धाड भरली? गड्याले काऊन तपासता?”

सर हसले आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, सामान्य.

प्रयोगशाळेतली मयुरी तेवढी बोलली. “सर, नमुना आलाच नाही. सामान्य काऊन लिहून राह्यले?”

“अवं पोरी, तरणाताठा गडी हाय. चारचौघांत त्याची इज्जत घेऊ का?”

राखीची इज्जत कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. तोच कागद नाचवत, ‘म्हणजे दोष हिच्यातच’ म्हणत सासूनं तिला जळगाव जामोदला माहेरी पोचवलं, काडीमोड झाला. मला लाज वाटली. ज्यांना वाटायला हवी होती ते चहा पीत होते. पुढे अहवाल छापला, ‘पुरुषांमध्ये दोष आढळला नाही.’ डोळे मिटून बसलेल्याला काय आढळणार, कपाळ?

आज सकाळी गजेंद्र पुन्हा आलाय. सोबत दुसरी बायको, पुष्पांजली. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. सरांनी रक्त काढायला तिच्या दंडाला पट्टा बांधला. गजेंद्र तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला बाहेर निघाला.

तेवढ्यात मयुरी उठली. माझ्यावरचं कापड तिनं ओढून काढलं, भिंग पुसलं. कापूस लालपिवळा झाला. मग रिकामी डबी घेऊन ती दारात आडवी उभी राहिली.

“भाऊ, बाईले मंग पाहू. पयले तुमी.”

गजेंद्र सरांकडे बघतोय. सर कागदाकडे बघतायत. पुष्पांजलीनं दंडाचा पट्टा स्वतःच सोडलाय.

लोकहो, मला ओवाळू नका, माझ्यापुढे नारळ फोडू नका. माझी काच आता स्वच्छ आहे, मी तयार आहे. त्या तरण्याताठ्या गड्यात तेवढी हिंमत आहे का, एवढंच विचारा.