पालाश न दिलेला वाफा

प्रयोगशेतातल्या चौथ्या वाफ्याला अठरा वर्षं खतातून नत्र मिळालं, स्फुरद मिळालं. पालाश मात्र चिमूटभरही नाही. त्यावाचून काय होतं, ते पाहण्यासाठीच तो वाफा राखला होता. आणि व्हायचं ते दरसाल होई. मक्याच्या खालच्या पानांच्या कडा करपत, ताटं वाऱ्याने आडवी होत, कणसांची टोकं दाण्यांवाचून राहत. शेजारच्या वाफ्याच्या निम्मंही पीक हाती येत नसे.

त्या वर्षी माती तपासणाऱ्या बाई वाफ्यात शिरल्या आणि जागच्या जागी थबकल्या. करपलेल्या मक्यात मधूनच हिरवीगार ताटं उभी होती. ताटांमधलं एक अंतर लांब, पुढचं आखूड. पुन्हा लांब, पुन्हा आखूड.

शेतावरचे जुने मुकादम असेच लंगडत चालायचे. तीन वर्षांपूर्वी याच वाफ्यात कणसं मोजता मोजता ते कोसळले आणि गेले. पहिलं हिरवं ताट नेमकं तिथेच होतं.

"खताची गोणी फाटली असेल हो," प्रयोगशेताचे साहेब म्हणाले.

"गोणी लंगडत नाही, साहेब."

बाईंनी प्रत्येक ताटाखालची माती तपासली. पालाश शेजारच्या वाफ्याच्या तिप्पट! वीतभर बाजूला पाहावं, तर खडखडाट. तीनदा तपासलं, तीनदा तेच.

शेवटी न राहवून त्यांनी मुकादमांच्या बायकोला बोलावलं. काकू भर दुपारी आल्या. एकेका ताटाशी पाऊल टेकवत शेवटच्या ताटापर्यंत गेल्या. समोर प्रयोगशाळेचं दार होतं.

"मोजणी सांगायला निघालेत," त्या हळूच म्हणाल्या. "अर्धवट काम त्यांना कधी सोसलं नाही."

साहेबांनी तो प्रयोगच गुंडाळला. पुढच्या हंगामात वाफ्याला भरपूर पालाश दिलं. सगळा मका सारखाच हिरवा, कणसं टोकापर्यंत भरलेली. साहेब खूश. बाई मात्र रोज वाफ्याभोवती फिरत. आता पावलं कुठवर आली, कसं कळणार?

एका सकाळी त्यांनी प्रयोगशाळेच्या पायरीलगतची माती खरवडली. तिथे कधी खत पडलं नव्हतं, काही उगवतही नव्हतं. नमुना यंत्राला लावला आणि पालाशचा काटा सरसर चढत शेवटच्या आकड्यावर जाऊन थडकला.

बाईंनी कोरी नोंदवही उघडून टेबलावर ठेवली आणि जवळची खुर्ची ओढली.

"या मुकादम," त्या म्हणाल्या. "सांगा, लिहून घेते."