ओदेरोचा श्वास

"ओदेरो, आहेस का रे बाबा?" नबी ओसेवेने विचारलं आणि किनाऱ्यावरची दोनशे माणसं गप्प झाली. वाळत घातलेल्या ओमेना मासळीवर माश्या घोंघावत होत्या, तेवढाच आवाज राहिला.

नबीच्या पांढऱ्या कापडावर माझ्या नवऱ्याच्या होडीतला कंदील उघडून ठेवला होता. त्यातल्या चार्जिंगच्या, बोटाएवढ्या दोन बॅटऱ्या तारांनी 'स्वर्गाच्या आरशाला' जोडल्या होत्या. आरसा म्हणजे दारापेक्षा मोठा सौर पत्रा, पण तसं म्हणायची चोरी होती. एक स्तोत्र झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर बॅटरीतून आवाज आला. स्‌स्‌स्‌. थांबला. पुन्हा स्‌स्‌स्‌.

"आला," कोणीतरी म्हणालं. दानी वाळूतच बसल्या. दानी माझ्या सासूबाई. माझी लेक हावी झाल्यापासून सगळे त्यांना दानी, म्हणजे आजी म्हणतात.

खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. ओदेरो झोपेत असाच श्वास सोडायचा.

आठ महिन्यांपूर्वी वादळात त्याची होडी रिकामी परत आली. आत फक्त हा कंदील. सरोवराने माणूस दिला नाही, म्हणून रिवाजाप्रमाणे आम्ही त्याच्या जागी यागोचं लांबडं फळ पुरलं. हावी तेव्हा पोटात होती.

"तुम्ही पुरलंत फळ," ओसेवे म्हणाला, "आणि माणूस अडकला कंदिलात. हे बघा, बॅटरीच्या टोपीखाली तीन भोकं. ही एक नाकपुडी, ही दुसरी, आणि हे तोंड."

"कान नाहीत वाटतं," मागून एक बाई पुटपुटली. "जिवंतपणी तरी बायकोचं कुठे ऐकायचा."

"हसा," नबी म्हणाला. "पण दर श्वासाला तो थोडाथोडा बाहेर चाललाय. सगळा गेला की तुमचा संबंध संपला. भोकं बुजवा. कंदील लेकराच्या उशाशी ठेवा, बाप राखण करील. त्याला खायला ऊन लागतं. माझा आरसा चार दिवस घेऊन जा. परत आणताना सोबत एक काळी कोंबडी आणा."

आमच्या किनाऱ्यावर काही गळताना दिसलं की हात आपोआप डिंकाकडे जातो. होडी असो, पिंप असो, छप्पर असो, औषध एकच. होड्यांची भोकं बुजवण्यात जादुओंग, म्हणजे म्हातारबुवा, न्यामोरींचा हात धरणारं कोणी नाही. दानींनी बॅटऱ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी दोन नळ्यांतला डिंक कालवला, दगडासारखा घट्ट होणारा, आणि सहाही भोकं नीट भरली. माझ्या डोळ्यांदेखत. मी काही बोलले नाही. तीन वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली मी. त्याला अडवून ठेवायचं होतं मलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासून आले, तर खिडकीतून तार आत गेलेली, कंदील हावीच्या डोक्याशी, हावी झोपलेली. कंदील अगदी गप्प होता. हात लावला तर चटका बसला.

काय झालं ते शब्दांत कळायच्या आधी मी तार उपटली आणि लेकीला उचलून अंगणात आले. मग एकेक आठवू लागलं. नबी दुसऱ्यांच्या माणसांना बोलवी तेव्हाही श्वास कधीच पहिल्या स्तोत्राला येत नसे. न आला की स्तोत्र लांबायचं. आणि गेल्या रविवारी आभाळ भरलं तेव्हा तो म्हणाला होता, मेलेल्यांना सावली सोसत नाही. म्हणजे ढग आले की माझा नवराही मुका.

"तार का काढलीस?" दानी धावत आल्या. "न्यार आलेगो, तुला तो नकोय का?"

न्यार आलेगो म्हणजे आलेगोची लेक. रागावल्या की त्या मला माहेरच्या गावाने हाक मारतात. हावीला पाठीशी बांधलं, कंदील निवल्यावर बॅटऱ्या काढल्या आणि न्यामोरींकडे गेले.

"जादुओंग, होडीचं भोक का बुजवता?"

"पाणी आत येतं म्हणून. हे काय विचारणं झालं?"

"इथं आत काही येत नाही, बाहेर जातं. बॅटरीत सोसवेल त्यापेक्षा जास्त वीज कोंबली की आत वायू धरतो. म्हणून करणाऱ्याने दार ठेवलंय. भोकांच्या आत रबराचं इवलंसं बूच असतं. दाब वाढला की ते उचलतं, वायू सुटतो, पुन्हा बसतं."

"म्हणून थांबून थांबून."

"हो. आणि तुम्ही त्या दाराला डिंक लावलात."

न्यामोरींनी बोटांवर राहिलेला डिंक नखाने खरवडला. मग उठून त्यांनी स्वतःच्या टॉर्चमधली तसलीच बॅटरी काढली.

दुसऱ्या दिवशी नबीला आणि सगळ्यांना बोलावून भर उन्हात त्याच्याच आरशाला आम्ही न्यामोरींची बॅटरी जोडली. लोकांना होड्यांच्या आड उभं केलं, वायू पेटू नये म्हणून जवळच्या चुली विझवल्या. स्तोत्र नाही, हाक नाही. वाट पाहिली. स्‌स्‌स्‌.

"माझ्या टॉर्चमध्ये कोण मेलंय, नबी?" न्यामोरींनी विचारलं. "जरा विचारून सांगा."

मग ती काढून कंदिलातली डिंक भरलेली एक जोडली. वर लोखंडी पातेलं पालथं घातलं, त्यावर दगड. आवाज नाही. बराच वेळ नाही.

"बघा, निवांत झाला तो," ओसेवे म्हणाला.

तेवढ्यात धडाका झाला. दगड गडगडला, पातेलं उलथून पडलं. बॅटरीची टोपी आतून आदळून पातेल्याच्या बुडाला अंड्याएवढं टेंगूळ आलं होतं. लोक त्या टेंगळाकडे बघत होते. मग एकेक जण माझ्या पाठीवरच्या हावीकडे बघू लागला. ओसेवे कापडाची घडी करायला लागला, ती त्याला जमेना.

दानी माझ्याजवळ आल्या. "म्हणजे तो बोलतच नव्हता?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही, दानी."

फळ पुरलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. त्या दिवशी, पातेल्याशेजारी बसून, रडल्या.

तुमच्या घरी बॅटरी फुसफुसली, तापली तर तिला देव करू नका, भूतही करू नका. तार काढा, मुलं बाजूला घ्या, ती उघड्यावर ठेवा, आणि तिची भोकं कधी बुजवू नका. जो कोणी तुमच्या माणसाचा आवाज ऐकवतो, त्याला एवढंच विचारा: ढगाळ दिवशी ऐकवशील का?

माझं विचाराल तर शेजारच्या घरातून अजूनही कधीकधी तो आवाज येतो. क्षणभर माझ्या तोंडून ओदेरोचं नाव जातं. मग मी उठते, आणि शेजारणीला तार काढायला सांगते.