आनंदाचा डावा हात

"तू लिंबं कापायची, पाणी द्यायचं. संघाबरोबर येऊ नकोस असं कोण म्हणतंय?" गिरणीचा हॉकी संघ सांभाळणारे पेंडसेसाहेब होईल तितक्या मऊ आवाजात म्हणाले.

"लिंबं कापाया दोन हात लागतात, साहेब," आनंदा म्हणाला. "चेंडू अडवाया एक पुरतो. मना खेलवा."

लंडनच्या ऑलिंपिकात आपल्या पोरांनी गोऱ्यांना हरवलं, त्यानंतरच्या उत्साहात ठाण्याच्या या गिरणीने हॉकीचा संघ काढला होता. तेव्हापासून आनंदाचं त्यात एकच काम. पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलरेषेवरून एकजण चेंडू जोरात बाहेर मारायचा, गोलापुढच्या अर्धगोलाच्या, डीच्या, कडेला उकिडवा बसलेला आनंदा तो उजव्या पंजाखाली जागच्या जागी दाबायचा आणि मागून धावत आलेला उत्तम तो गोलात हाणायचा. हात वेळेत निघाला नाही तर स्टिक बोटांवर. गोल लागायचा उत्तमच्या नावावर. आनंदाला त्याचं काही वाटत नसे. चेंडू पंजाखाली मेल्यासारखा पडला की त्याचं भागायचं.

मग उन्हाळ्यात यंत्राच्या दातेरी चाकाने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. गिरणीने त्याला फाटकावर बसवलं. माजिवड्यात घरी रोज कुणी ना कुणी हळहळायला येई आणि ती हळहळ त्याला जखमेहून जास्त झोंबे.

भातकापणी उरकली तसा तो खळ्यात, चेंडू घराच्या भिंतीवर आपटून डाव्या हाताने अडवायला बसू लागला. त्याच्या बायकोने, गोदाने, चेंडू तांदळाच्या कणगीत लपवला.

"येक हात शाबूत हाय, तो पन मोडलास तं आमी काय करायचा?"

दोन दिवस ती बधली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा चुलता आला आणि ओटीवर बसून, आनंदाच्या देखत म्हणाला, "पोरीचं नशीबच फुटलं." चहा पिऊन तो गेला. गोदाने कप विसळला, कणगीत हात घातला, चेंडू काढला आणि कपड्याचं धोपाटणं उचलून खळ्यात उभी राहिली.

"बस खाली," ती म्हणाली. "जोरात मारतंय मी."

त्यानंतर रोज संध्याकाळी धोपाटण्याचा आवाज शेजारपाजारी ऐकू जाई. लोक हसत. गोदा आणखी जोरात मारी.

पेंडसेसाहेब शेवटी म्हणाले, "रविवारी बघू. पण चेंडू सुटला तर हट्ट सोडायचा."

रविवारी उत्तमच कचरला. साताऱ्याकडचा तगडा गडी, पण स्टिक उगारून तसाच थांबला. "आन्या, तुझा हा बी हात माझ्यानं फुटला तर?"

"तू चेंडूकडं बघ. माज्या हाताकडं बघू नको."

चेंडू आला. डाव्या पंजाखाली दबला. उत्तमने चेंडूवर डोळे रोखून असा हाणला की जाळी थरथरली. पेंडसेसाहेबांनी आणखी दहा वेळा मारायला लावलं, मग आनंदाचं नाव संघात घातलं.

त्या वर्षीच्या ढालीच्या स्पर्धेचा अंतिम सामना कल्याणला, रेल्वेवाल्यांच्या मैदानावर होता. खडीची जमीन आणि समोर सगळं त्यांचंच गाव. पहिल्या कॉर्नरला आनंदा उकिडवा बसला तसा कुणीतरी ओरडला, "थोटा बसवलाय रे!" हशा पिकला. चेंडू खड्यावरून उडाला, मनगटाला लागून निसटला. हशा वाढला. थोड्या वेळाने रेल्वेने गोल केला.

उत्तरार्धात पुन्हा कॉर्नर मिळाला. उत्तम जवळ येऊन पुटपुटला, "तुझ्या जागी नाथाला बसवू का?"

"नाथाला बसवायचा तं आधी मना उचलून ने. मी इथनं उठनार नाय."

चेंडू आला, या खेपेला सरळ. आनंदाने तो दाबला. हात काढता काढता उत्तमच्या स्टिकने त्याच्या बोटांच्या सांध्यांवरची साल उडवली आणि चेंडू गोलाच्या फळीवर धाडकन आपटला. बरोबरी झाली. रक्त चड्डीला पुसून आनंदा आपल्या जागेवर चालत गेला.

शेवटी शेवटी रेल्वेने आणखी एक गोल केला आणि ढाल कल्याणलाच राहिली.

पेंडसेसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप दिली. "शाब्बास. हौस फिटली ना? आता पुरे."

"हौस नव्हती, साहेब. सोमवारी सरावाला येतंय."

फोटोवाल्याने हरलेल्या संघालाही उभं केलं. आनंदा पुढच्या रांगेत गुडघा टेकून बसला होता. फोटोवाल्याने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. "ते पुढचे, हात जरा मागे घ्या. वाईट दिसतं."

शेजारी बसलेल्या उत्तमने हळूच आपलं कोपर पुढे सरकवून तो हात झाकला. आनंदाने ते कोपर बाजूला केलं. उजवा हात गुडघ्यावर ठेवला, उरलेली दोन बोटं नीट फाकवली.

"काढा," तो म्हणाला.

फोटोवाला क्षणभर घुटमळला आणि पुन्हा कापडाखाली शिरला.