कुंपणाजवळची करवंदाची जाळी

मित्रांनो, मला कुणी विकत आणलेलं नाही. मी करवंदाची जाळी. पलीकडच्या टेकडीवर माझे भाऊबंद कुणी पाणी न घालता वाढतात. या घरच्या आईने तिथलं एक टपोरं करवंद खाल्लं आणि त्याच्या बिया तेलाच्या जुन्या डब्यात पेरल्या. तिथेच माझा जन्म झाला.

जरा मोठी झाल्यावर तिने मला कुंपणाजवळ, भरपूर उन्हात लावलं. पहिला उन्हाळा तेवढा तिने तांब्या तांब्याने पाणी घातलं. पुढे माझं मी पाहिलं. कडक उन्हात शेजारची शोभेची रोपं माना टाकायची, तेव्हाही मी हिरवीगार असायचे. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

घरचे बाबा बस चालवत. त्यांना मात्र मी डोळ्यांसमोर नको असायचे. एकदा कामावर निघताना त्यांच्या कोऱ्या गणवेशाची बाही माझ्या काट्यात अडकली आणि टर्रकन फाटली. संध्याकाळी ते कुऱ्हाड घेऊनच आले.

"अंगणात नुसतं रान माजवलंयस!" ते आईवर डाफरले.

"तोडा की. पण आधी आत डोकावून बघा," आई म्हणाली.

माझ्या पोटात बुलबुलाचं घरटं होतं. पिल्लं चोची वासून बसली होती. माझ्या काट्यांपुढे मांजराची काय बिशाद! बाबा बराच वेळ वाकून उभे राहिले. मग कुऱ्हाड खाली ठेवत पुटपुटले, "उडू देत यांना. मग बघतो."

तेव्हापासून ड्युटीवरून आले की ते चपलाही न काढता माझ्याकडे यायचे. पिल्लं उडाली, तेव्हा त्यांनीच टाळ्या पिटल्या. आईने हसू दाबत विचारलं, "अहो, कुऱ्हाड आणू का?"

"थांब गं. फळं तर पिकू देत!"

फळं पिकली, काळीभोर. त्यांच्या धाकट्या लेकीचे, चिमीचे ओठ जांभळे झाले. बाबांनी एक करवंद तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. बहर संपल्यावर वाटेत येणाऱ्या माझ्या फांद्या त्यांनी स्वतः, हलक्या हाताने छाटल्या.

आता पाहुणे आले, की चहाच्याही आधी बाबा त्यांना माझ्यापाशी आणतात. "हे आमचं करवंद," असं छाती फुगवून सांगतात.

मित्रांनो, आपल्या मातीतल्या झाडाला फार काही लागत नाही. उन्हातली जागा, सुरुवातीला थोडं पाणी आणि वेळेवर छाटणी. एवढं कराल ना? मग आमच्यासारख्या रानच्या पोरींनाही कुणीतरी 'आमचं' म्हणेल.